माशांच्या टाकीची तोटी

शाळेतल्या माझ्या गुरुजींनी, एशिम आगायनी, माझ्या खांद्यावर चापान चढवलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत तेलाने काळे झाले होते. मखमलीला लागू नयेत म्हणून मी ते वर हवेत धरून उभा होतो, चोर पकडल्यावर धरतो तसे. गल्लीतले सगळे बघत होते. आमची गल्ली म्हणजे गाड्यांच्या बाजारामागे समोरासमोर ठेवलेले मालाचे लोखंडी कंटेनर, आणि एकेका कंटेनरात एकेकाचं गॅरेज. समोरचा टायरवाला चहाचा पेला घेऊन बाहेर आला, पलीकडचे बॅटरीवाले दोघं भाऊ आले, आणि माझा भागीदार गेना, जो वेल्डिंग करताना बाप मेला तरी मान वर करत नाही, त्यानेही चेहऱ्यावरचा मुखवटा वर सरकवला. मानाचा पायघोळ कोट तो, काळी मखमल, कडेला सोनेरी जरीत काढलेली मेंढ्याची शिंगं, आत जाड कापूस. आगायनी पुढची दोन्ही टोकं माझ्या छातीवर ओढून नीट केली आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चाळीस दिवसांपूर्वी मी इथंच उभा राहून ह्या माणसाला लफंगा म्हणालो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. आता हेही ऐका. ह्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझ्या घरातली होती."

"आगाय, अहो कशाला हे..." मी म्हणालो.

"गप्प बस. बाह्यांत हात घाल."

"हात घाण आहेत."

"असू देत. कामाचे हात आहेत." मग त्यांनी मागे न बघताच हाक मारली, "बेकतूर, पुढे ये." त्यांचा मुलगा बेकतूर मागे उभा होता. एकोणतीस वर्षांचा, बापापेक्षा वीतभर उंच, हातात चापानाची रिकामी पिशवी घडी करून धरलेली. तो पुढे आला आणि माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "माफ करा, बायके." एवढंच. आमच्याकडे वयाने मोठ्याला बायके म्हणतात, शिवी देतानाही म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावरून काही कळलं नाही. पण म्हणून झाल्यावर त्याने मान वर केली आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात पैसे देऊन झाल्यावर आपण माल मिळायची वाट बघत उभे राहतो ना, तसा तो उभा होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "होतं असं. वय आहे त्याचं."

हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. मी ते आठवून बघतो तेव्हा अजून कानशिलं तापतात. कोणी मला ते म्हणायला लावलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण अंगावर मखमल आली की माणूस उदार होतो. मी हात पुसून बेकतूरच्या दंडावर थापटलं सुद्धा. टायरवाला म्हणाला, "वा, जुमाली, आता तू जुन्या काळच्या सरदारासारखा दिसतोस, आता आमच्या गाड्यांखाली कोण शिरणार?" सगळे हसले. आगायही हसले, आणि जाता जाता, जणू काही विशेष नाही असं, म्हणाले, "हा सोमवारी जातोय. नोव्होसिबिर्स्कला, कुठल्या तरी गोदामात काम आहे म्हणे. मीच म्हणालो, जा. तोंडावर खोटं बोलणारं पोर रोज नाश्त्याला समोर बसलेलं मला नाही बघवत." बेकतूरने ते ऐकलं. तो पिशवीची आणखी एक घडी करत होता. शनिवार होता तो.

ते गेल्यावर मी चापान काढून खुंटीला लावलं आणि पुन्हा कामाला लागलो. काम म्हणजे एका गाडीचा पट्टा बदलायचा होता, डोळे मिटून होणारं काम. पण पाना हातातून तीनदा पडला. तिसऱ्यांदा गेनाने तो उचलून दिला. गेना माझ्याबरोबर अकरा वर्षं आहे, एक्झॉस्टचे पाइप त्याच्यासारखे ह्या शहरात कोणी जोडत नाही, आणि त्याला सगळं माहीत आहे. कंटेनरच्या भिंतीवर खडूने लिहायची माझी सवय त्याला माहीत आहे. ऑगस्टमध्ये मी तिथे लिहिलं होतं, 'आगाय, भोक, थंडीआधी.' आणि नोव्हेंबरात आगायच्या घरची गाडी दोरीने ओढत गल्लीत आणली त्या दिवशी मी ती ओळ बाहीने पुसली, तेव्हा गेना तिथेच उभा राहून सिगारेट ओढत होता. पुसली तरी भिंतीवर तेवढा चट्टा जरा जास्त स्वच्छ राहिला. तो अजून आहे.

भोक म्हणजे काय ते सांगतो, सांगितल्याशिवाय माझी लाज कुणाला कळायची नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचं चाक फिरवतो, ते चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, आणि दाबलेल्या हवेने गाडीला बळ येतं. पण दाब हवा तेवढाच हवा. म्हणून बाजूला एक भोक असतं आणि त्यावर झडप. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की झडप उघडते आणि जादा धूर चाकाला न लागता बाजूने निघून जातो. आता आपण काय करतो, गाडी मोकळी पळावी म्हणून मागचा पाइप रुंद करतो. धूर जोरात निघू लागतो. झडप पूर्ण उघडते, पण मुळात भोकच लहान, सगळा धूर त्यातून मावत नाही. उरलेला चाकालाच फिरवत राहतो, आणि दाब रेसबरोबर आपोआप वर सरकत जातो, झडपेचा दाब ठरवणारा स्क्रू कितीही सैल करा. उपाय एकच. टर्बो उतरवायचा, ते भोक घासून मोठं करायचं, झडप मोठी बसवायची. दोन दिवसांचं काम. मी ते शेकडो वेळा केलंय. गल्लीत दुसऱ्या कुणाला दाब आवरत नसला तर तो माझ्याकडे येतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नाही.

ऑगस्टात बेकतूरची ती जुनी जपानी स्टेशनवॅगन, उजव्या स्टिअरिंगची, मी आणि गेनाने तयार केली. नवा पाइप घातला, टर्बोचा दाब दाखवणारा काटा डॅशबोर्डवर बसवला. पोराची गाडी, पण बापालाच जास्त हौस. आगाय रोज दुपारी यायचे, उलट्या बादलीवर बसायचे आणि विचारायचे, हे काय, ते कशाला. आठवीत ह्याच माणसाने सायकलचा पंप आणून आमच्यातल्या एकेकाला अंगठ्याने त्याचं तोंड बंद करायला लावलं होतं आणि दांडा दाबत विचारलं होतं, आता हवा कुठे गेली, सांग. मला सांगता आलं नव्हतं. मी म्हणालो होतो, कुठेच नाही गेली, आणि वर्ग हसला होता. वर्षभर त्यांनी मला तीनच गुण दिले. पाचापैकी तीन, म्हणजे नापास नाही आणि हुशारही नाही, घरी सांगावं असं काहीच नाही. तर तयार झाल्यावर पहिल्या फेरीला आगाय माझ्याशेजारी बसले. बेकतूर मागे. कडक ऊन, हवा तापून पातळ झालेली. गावाबाहेरच्या रस्त्यावर मी तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला आणि काटा एकावर जाऊन थांबला, खिळा मारल्यासारखा. आगायनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "जुमाली, मी तुला वर्षभर तीन देत राहिलो. चुकलो मी. आज पाच."

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी, दोन मुलांचा बाप, आणि माझे डोळे भरून आले. त्या पाचात मी इतका हरखलो की परतताना त्यांना घरी सोडल्यावर एकटाच होतो तेव्हा उगाच पुन्हा पाय दाबला, चौथ्यात, आणि सोडला नाही. काटा एकावर थांबला. मग एकच्या वर एक दशांश. दोन. चार. तेव्हा गाडीने हिसका दिला, पुढची काच अंगावर आल्यासारखी वाटली. गाडीच्या कॉम्प्युटरने दाब जास्त झाला म्हणून पेट्रोल तोडलं होतं. ते त्याचं कामच आहे, इंजिन वाचवायचं. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. वेड्यासारखा स्क्रू पूर्ण सैल केला, घाईत पकडीनेच, त्याच्या डोक्यावर चकचकीत ओरखडे पडले. पुन्हा बघितलं. पुन्हा चार. म्हणजे भोकच. टर्बो उतरवायला हवा होता. आणि उतरवायचा तर उद्या आगायना सांगावं लागलं असतं की ते पाच परत घ्या.

मी ते सांगितलं नाही. बाजारात माशांच्या टाक्यांचं एक दुकान आहे. टाकीत हवा सोडायच्या नळीला ते एक छोटी पितळेची तोटी विकतात, अंगठ्याच्या नखाएवढी. आमच्या धंद्यातले काही शहाणे ती कॉम्प्युटरला दाब सांगणाऱ्या नळीत बसवतात. तोटी थोडी उघडी ठेवली की नळीतली हवा गळते, कॉम्प्युटरला दाब कमीच दिसतो, तो पेट्रोल तोडत नाही, हिसका बसत नाही, गिऱ्हाईक खूश. मी स्वतः किती जणांना ह्यावरून शिव्या घातल्या असतील. त्या दिवशी मी ती विकत घेतली, बसवली, आणि वर नळीवर काळी पट्टी गुंडाळली. मग भिंतीवर खडूने लिहिलं, थंडीआधी. म्हणजे बघा, माझा विचार होता. मी हे स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की ते वाक्य आता झिजून गेलंय. विचार होताच. सप्टेंबरात एकदा बेकतूर आला होता तेव्हा मी म्हणणारच होतो, दोन दिवस ठेव गाडी. तेवढ्यात तो म्हणाला, "बायके, बाबा सगळ्यांना सांगत फिरतात, जुमालीला मी पाच दिले." मग मी फक्त तेल बघितलं आणि त्याला पाठवून दिलं.

नोव्हेंबरात आगायचे थोरले भाऊ वारले, तिकडे कोचकोरला, गावी. दफन दुपारी. आमच्यात सख्ख्या भावाच्या थडग्यात स्वतःच्या हाताने माती टाकायची असते. ती टाकली नाही तर जन्मभर लोक विचारत नाहीत, पण विसरतही नाहीत. थंडी उणे अठरा. थंड हवा दाट असते, हे मला आगायनीच शिकवलं होतं, आणि दाट हवेत ते लहान भोक आणखी लहान पडतं, हे मी माझ्या हाताने शिकलो होतो. टोकमोकच्या पुढचा सरळ रस्ता, बेकतूर गाडी चालवतोय, शेजारी बाप, मागे आई जिपार एजे, वेळ कमी. कोणीही पाय दाबला असता. दाब किती चढला असेल ते मला बसल्या जागी सांगता येतं. कॉम्प्युटरला तो दिसला नाही, म्हणून त्याने तोडलं नाही, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, आणि तिसऱ्या पिस्टनला भोक पडलं. भोक पडायचं ते पडलंच, फक्त चुकीच्या जागी. तीन तास ते तिघं कडेला उभे होते. शेवटी बटाट्याचा एक ट्रक थांबला. ते पोचले तेव्हा थडगं भरून झालं होतं आणि फावडी उभी रोवून ठेवली होती. हे सगळं मला आगायनीच सांगितलं, चौथ्या दिवशी, इथे गल्लीत, ओरडून.

त्या आधी दोन दिवस गाडी दोरीने ओढून आली होती. तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं? माणूस गेलाय त्या घरात, मी आधी दोन शब्द बोलायला हवे होते. मी बॉनेट उघडलं आणि त्या नळीवर हात घातला. तोटी नव्हती. नळीची दोन टोकं एकमेकांत नीट बसवून वर क्लिप लावलेली होती. मी स्वतःला सांगितलं की दाबाने उडून गेली असेल रस्त्यात. क्लिप कशी लागली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खाली बसलो, आणि ओढून आणणाऱ्या ड्रायव्हरला वाटलं मला वाईट वाटलंय.

म्हणून आगाय ओरडले तेव्हा मी तयार होतो. "लफंग्या," ते म्हणाले, "मी तुझ्यावर भरवसा ठेवला, माझ्या भावाची माती चुकली." टोपी तिरकी झाली होती. मी खोटं बोललो नाही. हे खरं आहे, अगदी शपथेवर, मी एक शब्दही खोटा बोललो नाही. मी फक्त विचारलं. हळू आवाजात, मान खाली घालून विचारलं, "आगाय, पोराला एकदा विचारा, त्याने स्क्रूला हात तर नाही ना लावला?" आगाय थांबले. बॉनेट उघडंच होतं. स्क्रूच्या डोक्यावरचे ओरखडे लखलखत होते, माझ्याच पकडीचे. त्यांनी चष्मा चढवून ते बघितले, बराच वेळ बघितले, भौतिकशास्त्राचा माणूस, पुराव्यावर विश्वास ठेवणारा. मग टोपी सरळ केली आणि गेले. नंतर कळलं, घरी बेकतूरला विचारलं, तो म्हणाला, नाही लावला. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद.

शनिवारी मी चापान अंगावर घालूनच घरी गेलो, कारण घडी घालून नेलं तर बायको विचारेल, आणि विचारल्यावर काय सांगू. बुरुलने दारातच हात तोंडावर नेला. मला खिडकीपाशी उभं करून फोटो काढला आणि तिच्या सगळ्या बहिणींना पाठवला. "शिक्षकाने चापान घालायचं म्हणजे साधी गोष्ट आहे का," ती म्हणत होती, "आता दरवर्षी नववर्षाला घालायचं." जेवताना मुलांना म्हणाली, बघा, खरं वागलं की असा मान मिळतो. धाकट्याने मखमलीवर हात फिरवला. मी नानचा तुकडा चहात बुडवला, तो पेल्यातच विरघळून तळाला गेला, आणि मी चमच्याने शोधत बसलो. रागच आला मला बुरुलचा. माणसाला जेव्हा स्वतःचा राग येतो तेव्हा समोर जे असेल त्याचा येतो. मी म्हणालो, "पुरे कर ते फोटो." ती म्हणाली, "लाजतोयस का?" आणि हसली. हो म्हणालो.

सारखी ती वाट बघणारी नजर पुढे येत होती. आणि ती क्लिप. ज्याने नळी जोडली त्याने घाईत नव्हती जोडली. रविवारी सकाळी दाढी करताना मला एकदम कळलं, म्हणजे कळलं होतं आधीच, त्या वेळी फक्त वस्तरा थांबला. रस्त्याच्या कडेला ते तीन तास. बाप ट्रकमागे ट्रक थांबवायला हात करतोय, आई गाडीत कुडकुडतेय, आणि पोरगा बॉनेट उघडून बघत बसलाय काय झालं ते. काळी पट्टी त्याला दिसली असणार. त्याने ती सोडवली असणार.

दुपारी मी चापान वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारलं आणि आगायच्या घरी गेलो. गाडी घरीच ठेवली आणि जाताना दोनदा बस चुकवली, मुद्दाम. विचार करत होतो की असं सांगू, तसं सांगू, थोडं माझं, थोडं थंडीचं, थोडं जुन्या इंजिनाचं. जिपार एजेंनी दार उघडलं आणि "अरे, जुमाली आला" म्हणून मला ओढतच आत नेलं. मला दाराच्या समोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीला उशी दिली. जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरलेलाच होता, त्यावर कणकेचे तळलेले बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. बेकतूरची बॅग कोपऱ्यात भरून ठेवलेली. तो खाली दाराजवळ बसून चहा ओतत होता, घरात धाकट्याने ओतायचा तसा, अर्धा पेला, दोन्ही हातांनी. आगाय म्हणाले, "चापान असं गुंडाळून का फिरवतोस? चुरगळेल."

"आगाय," मी म्हणालो, "हे माझं नाही."

"म्हणजे? आखूड झालं?"

"स्क्रूला ह्याने हात लावला नव्हता. ते ओरखडे माझे आहेत." आणि मग, एकदा सुरू झाल्यावर, मला थांबता आलं नाही. थंडीचं आणि जुन्या इंजिनाचं काहीच आठवलं नाही. ऑगस्ट, ते पाच गुण, हिसका, माशांचं दुकान, खडूची ओळ, बाहीने पुसलेली, सगळं. बोलताना मी मुरंब्याच्या वाटीकडे बघत होतो. जिपार एजेंचा हात लोण्यापाशी थांबला होता. मी थांबलो तेव्हा आगायनी चष्मा चढवला, फोनशेजारची वही ओढली, पेन्सिल माझ्यापुढे टाकली. "काढून दाखव," म्हणाले. "कुठे भोक, कुठे झडप, कुठे तोटी."

मी काढलं. वर्तुळं अंड्यासारखी आली. बाण दाखवले. ते मध्ये मध्ये विचारत होते, आणि इथे हवा कुठे गेली? आणि इथे? मी सांगत होतो. ह्या वेळी सगळं बरोबर सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "ती तोटी कुठे आहे?"

"पडली असेल रस्त्यात," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला कळलं की अजूनही माझ्या तोंडातून हेच येतंय.

बेकतूरने चहाची किटली खाली ठेवली. खिशात हात घातला आणि ती दस्तरखानवर ठेवली, बोरसोकांच्या शेजारी. नखाएवढी पितळ. इतके दिवस खिशात राहून चकचकीत झाली होती.

"तुला माहीत होतं?" आगाय म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता.

"त्याच दिवशी सापडली, बाबा. रस्त्यात."

"आणि तू मला दाखवली नाहीस? मी तीनदा विचारलं!"

"तुम्ही विचारलंत स्क्रूला हात लावला का. मी नाही म्हणालो. तुम्हाला ते पटलं नाही." त्याने किटलीचं झाकण नीट केलं. "आणि बायके मोठे आहेत. मी कशाला त्यांच्या अंगावर टाकू? मला वाटलं, येतील आणि सांगतील. काल चापान नेताना पण वाटलं, आता सांगतील."

काल. म्हणजे तो माझ्या बुटांकडे बघत माफ करा म्हणाला तेव्हा ती त्याच्या खिशात होती. नुसता हात बाहेर काढला असता तरी झालं असतं. आणि मी त्याच्या दंडावर थापटलं होतं.

आगाय उठायला लागले. गुडघ्यामुळे त्यांना एकदम उठता येत नाही, जमिनीवर हात टेकावा लागतो. बेकतूर धरायला गेला तर त्यांनी त्याचा हात झटकला, मग परत तोच हात पकडला आणि उठून उभे राहिले. वर्तमानपत्र फाडून चापान काढलं आणि मुलाच्या खांद्यावर घातलं. बाप मुलाला असं घालत नाही, आमच्यात तरी नाही. बेकतूर अवघडून म्हणाला, "राहू दे बाबा, मला जाकीट आहे." आगाय छातीवरची टोकं ओढून नीट करत राहिले, आधीच नीट होती तरी. जिपार एजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकून स्वयंपाकघरात गेल्या.

मग ते माझ्याकडे वळले. मी वाट बघत होतो की आता ओरडतील, लफंगा म्हणतील. ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ते म्हणाले, "शुक्रवारी मी कोचकोरला जाणार, भावाच्या थडग्यावर. तू मला घेऊन जाशील. तिथे त्याची मुलं असतील, सगळे नातलग असतील. माती का चुकली ते सगळ्यांना तू सांगशील. उभं राहून. ही बरोबर आण." आणि तोटी माझ्या तळहातावर ठेवली. "तुझ्या गाडीने. हळू."

"हो आगाय," मी म्हणालो.

"आता जा."

मी निघालो. दाराशी बूट शोधत वाकलो तर बेकतूर माझ्याआधी तिथे होता, चापान तसंच अंगावर. पाहुणा निघाला की धाकट्याने त्याचे बूट उचलून तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे असतात, म्हणजे पाय घालायला सोपं. लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं. तो उकिडवा बसला, माझे तेलकट बूट दोन्ही हातांनी उचलून बाहेर वळवले, नाड्या सैल केल्या आणि बाजूला झाला. "या, बायके," म्हणाला. माझ्या मुठीत ती तोटी होती, आणि मला पाय उचलता येईना.